उद्यानविद्येचे पुढचे शिक्षण बागेतल्या माणसालाही मिळावे

संपादक महोदय,

कृषी प्रवेशाच्या बातम्या दरवर्षी येतात, पण त्या असतात बारावी झालेल्या मुलांच्या. शेती करता करता पुढे शिकू पाहणाऱ्यांचे काय, यासाठी हे पत्र.

मी निफाड तालुक्यातली द्राक्ष बागायतदार. लग्नानंतर बाग अंगावर पडली, तेव्हा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची फळबागा उत्पादन पदविका केली. पुस्तके मराठीत होती म्हणूनच जमले. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नवी काडी वाढवण्यासाठीची छाटणी) साधारण ४० ते ७० दिवसांत काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, सूक्ष्म घडनिर्मिती होते, म्हणजे फेब्रुवारी-मार्चचा माल मे-जूनमध्येच ठरलेला असतो, हे तेव्हा नीट उमगले. त्या दिवसांत आभाळ भरून राहिले, वेलीचा पानोरा (कॅनॉपी) दाटला, नत्र आणि पाणी जास्त झाले, की घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते. आमच्या घरी तोवर घड कमी निघाले की बोल लागायचा तो ऑक्टोबरच्या गोडी (फळासाठीच्या) छाटणीला आलेल्या मजुरांना!

पदविकेने भूक वाढवली. डॉगरिज खुंटावर (ज्याच्या मुळांवर द्राक्षाचे कलम करतात ते झाड) उभ्या बागेची वाढ जोमदार, पण तो जोर घडनिर्मितीच्या काळात कसा आवरायचा, आमच्या जमिनीत दुसरा खुंट चालेल का, हे मला स्वतःच्या बागेत प्रयोग मांडून पाहायचे आहे. चार ओळींना एक फवारा आणि चार ओळींना दुसरा, याला प्रयोग म्हणत नाहीत, एवढे कळते. तो कसा आखायचा आणि त्याचे आकडे कसे तपासायचे, हे एम.एस्सी.ला शिकवतात. तिथे आधी कृषी किंवा उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी मागतात. घरची बाग सोडून चार वर्षे वसतिगृहात कोण राहणार?

दूरशिक्षणाची वाटही बंद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये कृषी पदवी दूरशिक्षणाने देऊ नये असे ठरवले. दूरशिक्षणाला मनाई असलेल्या विषयांच्या यादीत आता कृषीशेजारी उद्यानविद्याही आहे. कारण दिले जाते प्रात्यक्षिकांचे. ज्याने कधी कात्री हातात धरली नाही, अशा मुलासाठी ते मला पूर्ण मान्य आहे. नुसती पुस्तके वाचून पदवीधर झालेल्याचा सल्ला मी तरी घेणार नाही. पण वर्षातून दोन छाटण्या, विरळणी, मणी फुगवायला जीए या संजीवकात घड बुडवणे (डिपिंग), अन्नद्रव्ये कळावीत म्हणून पानदेठ परीक्षण हे सगळे जी करते, तिला प्रात्यक्षिक नाही म्हणून अडवणे चमत्कारिक आहे. तिच्याकडे नसते ती प्रयोगशाळा. डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली घड ओळखणे, रोगाची बुरशी वेगळी करून वाढवणे, ऊतिसंवर्धन (झाडाच्या इवल्या तुकड्यापासून रोपे करणे) ही कामे घरी शिकता येत नाहीत. तेवढ्यासाठी आम्हाला बोलवा ना.

सरकारला हे सुचत नाही असेही नाही. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या कृषी विस्तार संस्थेचा ‘देसी’ हा पदविका अभ्यासक्रम कृषी सेवा केंद्रवाल्यांसाठी आहे. आठवड्यातून एक दिवस असे ४८ आठवडे, त्यातल्या आठ शिवारभेटी. औषध विकणाऱ्याला दुकान सांभाळून शिकता येते, मग ते फवारणाऱ्याला बाग सांभाळून का नको? आणि त्याच्या वरच्या पायरीपर्यंत का नको? ब्रिटनमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची ‘मास्टर ऑफ हॉर्टिकल्चर’ ही पात्रता मुळी नोकरीधंद्यात असलेल्या बागकामवाल्यांसाठीच आहे.

माझी सूचना साधी आहे. सिद्धांत मुक्त विद्यापीठाने घरपोच शिकवावा. प्रात्यक्षिके आणि त्यांची परीक्षा राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांनी घ्यावी, आणि द्राक्षासाठी मांजरीच्या व डाळिंबासाठी सोलापूरच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राची मदत घ्यावी. प्रबंधाचा प्रयोग विद्यार्थ्याच्या बागेतच असावा आणि मार्गदर्शकाने येऊन तो पाहावा. प्रवेशपरीक्षा हवी तेवढी कडक ठेवा, तक्रार नाही.

फक्त शिबिरांच्या तारखा ठरवताना पिकाचे वेळापत्रक समोर असू द्या. आम्हा द्राक्षवाल्यांना जुलै-ऑगस्ट बरा, तेव्हा काडी पिकत असते आणि गोडी छाटणीला अवकाश असतो. कोकणातल्या हापूसवाल्यांची मात्र नेमकी तेव्हाच मोहोरासाठी पॅक्लोब्युट्रॅझॉल हे वाढरोधक द्यायची घाई असते, त्यांना वेगळा महिना द्यावा लागेल.

– एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक