शिदोरी राखणारा कुत्रा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेलो होतो. सिडनीहून मेलबर्नला मोटारीने जाताना वाटेत गंडगाय नावाचं छोटं गाव लागतं. गावापासून पाच मैलांवर, रस्त्याच्या कडेला, पेटीवर बसलेल्या कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा आहे. पुतळा लहानसाच, पण लोक मुद्दाम गाडी थांबवून बघतात.

गोष्ट बैलगाड्यांच्या काळातली. गाडी चिखलात रुतली, जू मोडलं आणि कुत्रा धन्याच्या शिदोरीची पेटी राखत बसला. जुन्या लोकगीतात मात्र तो पेटीवर नाही, पेटीत बसतो आणि शिदोरीची वाट लावतो. त्याचा एक पाठ तर आपल्या पत्रात छापण्याजोगाही नाही. मला तोच खरा वाटतो. कुत्र्यापुढे शिदोरी ठेवल्यावर दुसरं काय होणार? गावाने मात्र इमानी कुत्रा पसंत केला.

पुतळा घडवला फ्रँक रुस्कोनी या गावातल्याच पाथरवटाने. याच माणसाने २८ वर्षं खपून संगमरवराच्या वीस हजारांहून जास्त तुकड्यांतून इमारतीची एक छोटी प्रतिकृती रचली. तीही गावाने जपून ठेवली आहे. कुत्र्याचं अनावरण १९३२ साली पंतप्रधान जोसेफ लायन्स यांनी केलं. पुतळ्यापाशी येणारे-जाणारे नवस बोलल्यासारखी नाणी टाकत आणि ती गावच्या इस्पितळाला जात, हे मला सगळ्यांत आवडलं. २०१९ मध्ये कोणीतरी पुतळा चौथऱ्यावरून पाडला, त्याचा कान मोडला. दुरुस्त करून तो पुन्हा जागेवर बसवला.

आपल्याकडेही चौकाचौकांत सिमेंटचे वाघ, गवे, बैलजोड्या उभ्या राहतात. उद्घाटनाला हारतुरे होतात, मग शेपूट तुटते, रंग उडतो आणि वाघाच्या पाठीवर वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला जातो. पुतळा कोणी केला हे विचारलं तर ठेकेदाराचं नाव कळतं, कारागिराचं नाही.

माझी नगरपालिकांना एवढीच विनंती आहे. चौकात पुतळा बसवायचा ठराव करताना काम शक्यतो गावच्या कारागिराला द्यावं, त्याचं नाव चौथऱ्यावर कोरावं आणि डागडुजीचा खर्च कुठल्या खात्यातून होणार हे त्याच ठरावात लिहावं. तिथे दानपेटी ठेवणार असाल, तर पैसे कोणाला जाणार हेही पेटीवरच लिहावं.

आपला,
एक वाचक, सांगली