सुध्यास पत्र

प्रिय सुध्या,

आधी शिव्या देऊन घे. सात महिने झाले, तुझे दोन मिस्ड कॉल आणि एक "जिवंत आहेस का" तसेच पडलेत. जिवंत आहे. तब्येत बरी, पाठ दुखते, बाकी ठीक. ताईच्या चिंगीच्या रक्ताच्या कॅन्सरचं तुला ताईकडून कळलंच असेल, म्हणून ते पहिल्यापासून सांगत बसत नाही. पण काल रात्री मी एक गोष्ट केली आणि ती केल्यावर डोळ्यांसमोर तूच आलास, तुझा तो चेहरा, डबा हातात घेऊन दारात उभा असलेला. म्हणून लिहितोय.

तर मी चिंगीच्या उपचारांच्या खर्चासाठी केक करून विकतो. हस. घरातला ओव्हन, ज्यात इतकी वर्षं फक्त कढया ठेवल्या जायच्या, तो रोज चार-पाच तास चालू असतो. ज्या माणसाला हॉस्टेलवर चहा करता येत नव्हता (आणि तू ते अजून लोकांना सांगतोस, तेव्हा दूध तू नासकं आणलं होतंस हे सोडून), तो आता बटर आणि साखर किती वेळ फेटायची यावर भाषण देतो. पहिले तीन केक मधे बसले. कारण मी दर पाच मिनिटांनी दार उघडून बघायचो, फुगतोय का, फुगतोय का. अरे केक सेट व्हायच्या आत दार उघडलं की आतली गरमी जाते आणि तो खाली बसतो, हे मला आमच्या हिने चौथ्या केकला सांगितलं. आधी का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणे तू विचारलंस का. मग कळलं की ओव्हनही खोटारडा आहे, बटण १८० वर आणि आत जेमतेम १६०. आता आत वेगळा थर्मामीटर ठेवलाय. कप-बिप बंद, सगळं वजनकाट्यावर, कारण मैदा कपात दाबून भरला की भुरभुरून टाकला यावर वजन बदलतं आणि मग एक दिवस केक आणि दुसऱ्या दिवशी वीट.

क्रीमचे केक लगेच सोडले. टिकत नाहीत, नेता-नेता वाट लागते. आता साधे लोफ केक आणि कुकीज. एकदा घाईत बारा लोफ कोमट असतानाच पॅक केले, झाकणाला आतून पाणी सुटलं, वरचा भाग चिकट. सहा परत आले. बाकीच्या सहा जणांनी "छान होता" म्हणून कळवलं, आणि सुध्या, मला ते परत करणारे सहा बरे वाटले. चिकट केक छान होता म्हणणारा माणूस केक विकत घेत नव्हता ना.

हिशोबाचं विचारशील, तू विचारणारच. वेगळं खातं काढलंय, वही आहे, रोजचं रोज लिहितो, दर महिन्याला ताईला दाखवतो, ती बघत नाही. सामान, वीज, डबे वजा केले की जे उरतं त्यात हॉस्पिटलचं मोठं बिल निघत नाही. कधीच निघणार नाही. तपासण्यांचे, येण्या-जाण्याचे, मधेच ताप आला आणि ॲडमिट केलं त्या दिवसांचे निघतात. माझी मेहनत धरली तर धंदा तोट्यात आहे. सरळ लोकांकडे मागितले असते तर एका आठवड्यात याच्या दुप्पट जमले असते, पण मागायला तोंड उघडत नव्हतं, हातात केक असला की उघडतं. एवढंच आहे ते. आणि दुसरं म्हणजे चिंगी आत ॲडमिट असताना बाहेर बाकड्यावर बसून मला वेड लागायची वेळ आली होती. घरी येऊन काहीतरी मोजायचं, फेटायचं, पंचेचाळीस मिनिटांनी ते तयार होतं. बाकी तेव्हा काहीच पंचेचाळीस मिनिटांत होत नव्हतं.

गंमत म्हणजे जिच्यासाठी करतो तिला बॅटर चाटायला द्यायची सोय नाही. कच्चं अंडं तर नाहीच, पण कच्चा मैदासुद्धा नाही, त्यातही जंतू असतात, हे मला माहीतच नव्हतं. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, खाली असले की साधा संसर्गही महागात पडतो. स्टेरॉइडच्या दिवसांत मात्र ती अख्खा लोफ मागायची, पहाटे चारला उठून, रडून. आणि नंतरच्या औषधांनी तोंडाची चव गेली तेव्हा माझाच केक तोंडातून काढून म्हणाली, मामा, हा चमचा लागतोय. केकला चमच्याची चव! तेवढं खरं परीक्षण आजवर कुणी केलं नाही.

आता मुद्द्यावर येतो, किती वेळ टाळतोय.

डब्यावर मी तिचा फोटो लावला होता. केस गेलेला, डोळे मोठे झालेले, हसतानाचा. खाली दोन ओळी. तिला विचारलं होतं, हो म्हणाली. ताईला नव्हतं विचारलं. ऑर्डर आल्या, खूप आल्या. मग पहिला महिना संपला, बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासला आणि रिमिशन आलं. मी मूर्खासारखा सगळ्यांना कळवलं, चिंगी रिमिशनमध्ये! लोकांना वाटलं झालं, बरी झाली, सुटली. अरे तिथून तर खरी सुरुवात असते. रिमिशन म्हणजे तपासणीत दिसत नाही, एवढंच, औषध थांबवलं की परत येतं, म्हणून हा सगळा कोर्स दोन-अडीच वर्षांचा. मधले अवघड महिने गेले, आता मेंटेनन्स चालू आहे, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून रोज रात्री एक गोळी, आठवड्यातून एकदा दुसरी. ती दुसरी चुकून रोज दिली तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे ताईने कॅलेंडरवर तो वार लाल केलाय आणि तरी मला फोन करून विचारते आज कुठला वार. मधूनमधून पाठीच्या मणक्यातलं इंजेक्शन, रक्त तपासण्या. हे अजून दीड वर्ष.

आणि केस आले. कुरळे आले, आधी सरळ होते. छान दिसते. शाळेतही जायला लागली मधून मधून, पायातली ताकद अजून पूर्ण आली नाही, जिन्यावर कठडा धरते, पण जाते. मी हौसेने डब्यावर नवा फोटो लावला, कुरळ्या केसांचा.

ऑर्डर निम्म्यावर आल्या. एका बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, आता बरी दिसते की हो, मग अजून कशासाठी? मी समजावलं. त्या "हो का, हो का" म्हणाल्या आणि घेतला नाही. त्यांची चूक नाही रे. मी आधी लोकांना केक नाही, तो फोटोच विकत होतो, मग आता तक्रार कसली करू.

आणि काल रात्री, अकरा वाजता, लेबलं छापायला बसलो आणि फोनमध्ये मागे मागे जाऊन तो जुना फोटो शोधून काढला. लावला. चाळीस लेबलं छापली. पोरीला केस आलेत आणि मी ते परत काढले. एवढंच नाही, छापताना मनात आलं की या फोटोपेक्षा तिचा तो नळीवाला जास्त चालला असता. हे मी कुणाला सांगू? हिला सांगितलं तर ती म्हणेल पोरीसाठीच करतोयस ना. ते खरं आहे, म्हणूनच तिला सांगत नाही.

सकाळी चिंगी आली होती, तिने लेबल बघितलं. मला वाटलं रडेल. तर म्हणते, बरं केलंस मामा, टकलीवाल्याला जास्त ऑर्डरी येतात. आठ वर्षांची आहे. धंदा कळलाय तिला. मी हसलो आणि मग संडासात जाऊन बसलो बराच वेळ.

ताई काही बोलली नाही. तिच्या ओट्यावर माझा एक रिकामा डबा असतो, त्यात ती गोळ्यांची पाकिटं ठेवते. मी गेलो की दर वेळी त्याची फोटोची बाजू भिंतीकडे असते. मला वाटायचं योगायोग.

तुझ्या अण्णांच्या आजारपणात मी मदतीच्या डब्यावर कॉलेजभर त्यांचा फोटो लावला होता, नाकात नळी असलेला, तुला न विचारता. तू रात्री आलास, डबा माझ्या दारात ठेवलास, सुट्ट्या नाण्यांसकट, आणि म्हणालास माझ्या बापाला असं बघायचा हक्क मी कुणाला दिला नव्हता. आठ महिने बोलला नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरलो की सुध्या माजलाय, मदत नको म्हणतो. मला आजपर्यंत, खरं सांगतो, आपल्या दोघांत मीच बरोबर वाटत होतो. समेट झाला तेव्हाही मनातून मोठेपणा मीच घेतला होता. ताईला तुझ्यासारखा डबा दारात आणून ठेवता येत नाही, तिला पैसे लागतात, म्हणून ती भिंतीकडे करून ठेवते.

चाळीस लेबलं फाडली. आता डबे कोरे आहेत आणि परवा तीस लोफ द्यायचेत. फोटो नको हे ठरलं. पण मग लिहू काय? "बरी आहे पण औषध चालू आहे" यावर केक खपतो का? तू चांगलं लिहायचास, माझी प्रेमपत्रंसुद्धा तूच लिहिलीस (आणि एक तर चुकीच्या मुलीला दिलंस, ते मी विसरलेलो नाही). चार ओळी दे. लेबल लहान आहे, पाचवी मावत नाही. तिचं नाव नको, आजाराचं नाव चालेल.

तुझं नवीन ऑफिस कसं आहे, बॉस तोच का? घराचं काम संपलं का? वहिनींना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याचं ऐकलं, काळजी घ्यायला सांग. पोराला दहावीला शुभेच्छा, आणि त्याला ओरडू नकोस, तू काय दिवे लावले होतेस ते माझ्याकडे लेखी आहे.

तुझा
बाळ्या

ता.क. सोबत दोन डबे कुकीज पाठवतोय, कोऱ्या डब्यात. पैसे पाठवायचे नाहीत. नाही, थांब, पाठव. दोन डब्यांचे पाठव, वर एक पैसा नको. घेईन.