शार्लट तलावाची वाट पायी चालणाऱ्यांसाठी राखावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन पिढ्यांचे सहाजण माथेरानला गेलो होतो. सत्तरी ओलांडलेल्या आईचे गुडघे दुखतात आणि धाकटी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. या दोघींनाही झेपेल अशी रानातली वाट म्हणून आम्ही बाजारपेठेतून निघून शार्लट तलावाकडून वळसा घेत परत येण्याचे ठरवले. बसत, थांबत अर्धा दिवस गेला. पण आई घोड्यावर न बसता सगळी फेरी पायी चालली, याचा आनंद तिला अजून आहे.

सह्याद्रीत फिरायचे म्हणजे बहुधा दमछाक करणारा चढ आलाच. माथेरानचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर असले, तरी तो चढ गाडीने किंवा १९०७ साली सुरू झालेल्या नेरळच्या छोट्या रेल्वेने पार होतो आणि वर आल्यावरच्या वाटा बऱ्याच अंशी सपाट आहेत. दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारींना बंदी असल्याने मुलाचा हात क्षणभर सुटला तरी जीव घाबरत नाही. शिवाय वाट जांभूळ, हिरड्याच्या दाट झाडीतून जात असल्याने दुपारीही डोक्यावर सावली असते. वाटेत एका उंच फांदीवर पानाकाटक्यांचे भलेमोठे गोल घरटे दिसले. ते शेकरूचे आहे असे एका घोडेवाल्या काकांनी सांगितले आणि आपला राज्यप्राणी दिसेल या आशेने मुलगी तिथून हलेना. शेकरू काही दिसला नाही. मात्र तलावाच्या बांधावर पोहोचेपर्यंत तिचे पांढरे मोजे घोट्यापर्यंत तांबडे झाले होते. तलावाच्या एका अंगाला ग्रामदैवत पिसरनाथाचे मंदिर आहे, तर दुसरीकडे एको आणि लुईझा पॉइंट. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो. पण तिथे कडा सरळ तुटलेला असल्याने मुलांना हाताशीच धरावे.

इतकी चांगली वाट असूनही तिची निगा राखली जात नाही, हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. एका फाट्यावरच्या फलकाचा रंग इतका उडाला होता की अक्षरे लागली नाहीत. आम्ही चुकीच्या वाटेला लागलो आणि आईची अर्ध्या तासाची पायपीट झाली. त्यानंतर टेकायला साधा बाकही सापडला नाही, तेव्हा ती एका झाडाच्या उघड्या मुळावर बसली. पुढे अरुंद जागी मागून दौडत आलेल्या घोड्यामुळे मुलीला ऐन वेळी बाजूला ओढावे लागले. घोडा हे तिथल्या कित्येक कुटुंबांच्या पोटापाण्याचे साधन आहे, त्यामुळे त्यावर बंदी आणा असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु तलावाभोवतीच्या अरुंद टप्प्यांवर घोडे चालवतच न्यावेत, आणि जागा असेल तिथे त्यांची वाट वेगळी आखावी, एवढी शिस्त घोडेवाल्यांना विश्वासात घेऊन नक्की लावता येईल.

आई ज्या मुळावर बसली होती, ते जमिनीपासून वीतभर वर आले होते. पावसाळ्यात पाणी या वाटांवरूनच धावते आणि टापांनी व पायांनी सुटी झालेली तांबडी माती सोबत नेते. यावर उपाय म्हणून सगळी वाट फरशीने किंवा काँक्रीटने मढवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जागोजागी आडवे चर काढून पाणी वाटेबाहेर वळवले आणि उताराच्या ठिकाणी जांभ्या दगडाची नीट रचाई केली, तर माती आणि झाडे दोन्ही टिकतील. केंद्र सरकारने २००३ साली माथेरानला पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केले आहे, त्याच्याशीही हेच सुसंगत ठरेल.

आपणा पर्यटकांनाही एक सांगावेसे वाटते. शार्लट तलावाचे पाणी गावाला पिण्यासाठी लागते आणि तिथे बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्याही आलेल्या आहेत. म्हणून कोणीही पाण्यात उतरू नये. खाऊच्या पिशव्या हातात मिरवू नयेत, कारण माकडे त्या हिसकावतात आणि रिकामे प्लॅस्टिक शेवटी काठावर येऊन पडते.

मोठ्या खर्चाच्या योजनेची ही मागणी नाही. प्रत्येक फाट्यावर पुढचे अंतर आणि चालायला लागणारा वेळ लिहिलेला मराठी फलक, थोड्या थोड्या अंतरावर बाक आणि पावसापूर्वी काढलेले चर, एवढी कामे संबंधित यंत्रणेने येत्या उन्हाळी सुट्टीच्या आत करावीत. मे महिन्यात आईला घेऊन आम्ही पुन्हा जाणार आहोत.

आपली विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली