पाय टेकतात का, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला अ‍ॅडव्हेंचर बाइकवरचा लेख वाचला. फोटो झकास होता. मागे बर्फाचा डोंगर, पुढे चिखल उडवत निघालेली गाडी. वेग किती, हॉर्सपॉवर किती, ओढ्यातून कशी गेली, सगळं आलं. सीटची उंची तेवढी राहिली. माझी स्वतःची उंची पाच फूट चार इंच. मला तोच आकडा हवा होता.

मी लिफ्ट मेकॅनिक. राहायला भांडुपला. सकाळी परळ, दुपारी अंधेरी, संध्याकाळी चेंबूर, कॉल येईल तिकडे. रोजचे पन्नास-साठ किलोमीटर, मागे हत्यारांची बॅग. आधीच्या १२५ सीसीच्या गाडीवर वाकून बसून बसून मणक्यात गॅप निघाली. डॉक्टर म्हणाले, पाठ सरळ राहील अशी गाडी घ्या. म्हणून मी अ‍ॅडव्हेंचरच्या वाटेला गेलो. रुंद हँडल, सरळ बैठक, पाय गुडघ्याखाली नीट ठेवलेले. लडाख माझ्या यादीत नाही. माझा प्रवास भांडुप पंपिंगपासून सुरू होतो आणि तेवढा साहसी आहे.

भाच्याने माझ्या आधी अशी एक गाडी घेतली होती. नाव लिहीत नाही, कारण गाडीत खोट नव्हती, भाचा आखूड होता. जेव्हीएलआरला, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला, सिग्नल लागला. त्याने डावा पाय टेकवला तर तिथे नेमका काँक्रीटचा रस्ता संपून पेव्हर ब्लॉक सुरू झालेले, आणि दोन्हींच्या मध्ये चार बोटं खोल फट. चवड्यावर उभा असलेला माणूस. चवडा फटीत गेला आणि गाडी कलली. एकशे नव्वद किलोच्या वरचं वजन थोडं कलेपर्यंत मांडीने पेलता येतं, पुढे नाही. पोरगा सावकाश, मोठ्या आदराने गाडीसकट आडवा झाला. मागच्या रिक्षावाल्याने उतरून उचलायला हात लावला आणि वर विचारलंही, "एवढी मोठी कशाला घेतली?"

क्लचचा लिव्हर तुटला, टाकीशेजारचं प्लास्टिक फुटलं. एरवी लिव्हर म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन अर्ध्या तासात आणायची वस्तू. या गाडीचा तिथे नव्हता. शोरूमने ऑर्डर टाकली आणि गाडी सव्वीस दिवस उभी राहिली. भाचा तेवढे दिवस सकाळी ७:१२च्या लोकलला लोंबकळत गेला आणि हप्ता मात्र वेळेवर भरत राहिला.

लिफ्टच्या धंद्यात भरवशाची मशीन कोणती, याचं आमचं उत्तर ठरलेलं आहे. कधीच बंद पडत नाही ती नव्हे, तशी मशीन नसतेच. बंद पडल्यावर जिचा पार्ट त्याच दिवशी मिळतो आणि जी उघडायची कशी हे नाक्यावरच्या माणसाला माहीत असतं, ती. मोटारसायकलही मी त्याच डोळ्याने बघितली.

महिनाभर शोरूम फिरलो. सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम एसएक्सची सीट ८३५ मिलिमीटर, हीरोच्या एक्सपल्स २००ची ८२५, नव्या हिमालयन ४५०ची ८२५ आणि वजन १९६ किलो. गाड्या उत्तम. सुझुकीवर तर जीव जडला होता. बसलो की पाठ खूश, पण खाली फक्त अंगठे. सेल्समन म्हणाला, "सवय होते काका." सवय चपलेची होते. भर पावसात, मागे बायको बसलेली असताना, उतारावर गाडी धरायची सवय होत नाही. टेस्ट राइडही शोरूमच्या मागच्या गल्लीत, एक फेरी, तीही एकट्याने. कोणती गाडी असल्या गल्लीत वाईट चालते?

शेवटी होंडाची एनएक्स२०० घेतली. २०२१ साली हीच सीबी२००एक्स नावाने आली होती. सीट ८१० मिलिमीटर, वजन दीडशे किलोच्या आत. इंजिन होंडाच्याच हॉर्नेट या गाडीचं, म्हणजे आमच्या नाक्यावरच्या मेकॅनिकने आधीच चार वेळा उघडलेलं. शौकीन मंडळी हिला खरी अ‍ॅडव्हेंचर मानत नाहीत, नुसता वेश घेतलाय म्हणतात. बरोबरच आहे. पुढचं चाक १७ इंची. खडकाळ वाटेवर २१ इंची चाक जसं धोंड्यावरून चढून जातं तसं हे जाणार नाही. मला धोंड्यावर जायचं नाही. मला लालबागच्या गर्दीत बसच्या आणि टेम्पोच्या मधून वळायचं आहे, तिथे छोटं चाक चटकन वळतं.

पंक्चरचंही कोणी लिहीत नाही. स्पोकच्या, म्हणजे तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. पंक्चर झालं की चाक उतरवा, टायर काढा, ट्यूब बाहेर, पाऊण तास गेला. अलॉयचं, म्हणजे बिनतारांचं चाक आणि ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरवाला खिळा उपसून रबराची वात कोंबतो आणि दहा मिनिटांत मोकळं करतो. रात्री साडेदहाला कुणी लिफ्टमध्ये अडकलं असेल तर ही दहा मिनिटं आणि पाऊण तास यांतला फरक मला कुणी समजावून सांगायला नको.

आणि त्या हॉर्सपॉवरचं मुंबईत करायचं काय? सी लिंकवर दुचाकीला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी, पुढे पुणे एक्स्प्रेसवेवरही बंदी. मोकळा रस्ता दिसला की तिथे आमच्यासाठी पाटी असतेच. चाळीस हॉर्सपॉवरची गाडी मग सायनला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापत उभी राहते, आणि रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम वारा थेट गुडघ्यावर. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांना ४० टक्के. ज्याला खरंच मोठी गाडी लागते त्याने जरूर घ्यावी, पण दादर ते मुलुंडसाठी एवढा कर भरणं मला झेपणारं नव्हतं.

बायकोचा मुद्दा वेगळा. तिचे गुडघे दुखतात. उंच गाडीवर मागे चढायचं म्हणजे फूटरेस्टवर पाय, माझ्या खांद्यावर हात आणि मग पलीकडे टांग. सोसायटीच्या गेटशी एक उंच कट्टा आहे, तिथे गाडी लावली की ती आरामात बसते. उतरताना मात्र आम्ही दर ठिकाणी कट्टा शोधतो. गणपतीत सावर्ड्याला गेलो तेव्हा पेणपासून माणगावपर्यंत तिने मला तीन कट्टे आधीच दाखवून ठेवले होते. (मुंबई-गोवा महामार्गाबद्दल इथे काही लिहीत नाही, ते पत्र वेगळं आणि फार लांब होईल.) पाठ मात्र दुखली नाही, तिचीही नाही. रात्री घरी पोचल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वेळी मागची गादी थोडी मऊ करून घे." तेवढीच तक्रार. गादीवाल्याकडून करून घेतली.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी गाडीची माहिती देताना चालवणाऱ्याची उंची छापा, म्हणजे आम्हाला हिशेब लावता येईल. सीटची उंची आणि पेट्रोलसकट वजन छापा. आणि चालवून बघायला लेखकाला एखाद्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मागे माणूस बसवून कांजूरमार्ग ते माहीम पाठवा, जुलैत. गाडी मिळाली नाही तर माझी न्या. फक्त शनिवारी नको, परळला एका इमारतीच्या लिफ्टचे रोप बदलायचे आहेत.

आपला,
एक लिफ्ट मेकॅनिक, भांडुप