धर्म कसा पसरला हे सांगताना बंदरंही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मध्ययुगातल्या व्यापारी मार्गांवर अख्खं पान होतं. वाचायला छान वाटलं, पण सगळं पान उंट, वाळवंट आणि चीनचं रेशीम यातच संपलं, समुद्राच्या वाट्याला शेवटच्या दोन ओळी. आणि आपल्याकडे इस्लाम कसा आला यावर पुन्हा तेच, स्वाऱ्या आणि सुलतान. मी पालघर जिल्ह्यातला, किनाऱ्यालगत राहणारा माणूस, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. आमच्याच भागात या विषयाचा एवढा पक्का पुरावा सापडलाय की त्याच्याशिवाय हा लेख पूर्ण होऊच शकत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

डहाणू तालुक्यात तारापूरला लागून चिंचणी गाव आहे. तिथे १९५० च्या दशकात काही ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यावेळी संजाण बंदर (आता गुजरातेत) आणि आजूबाजूचा सगळा मुलूख सांभाळायला राष्ट्रकूटांनी एक ताजिक म्हणजे अरब माणूस नेमला होता. ताम्रपटात त्याचं नाव मधुमती, दुसरं नाव सुगतिप. हा मोहम्मदच असं अभ्यासक मानतात. त्याने काय काय केलं ते ताम्रपटात लिहिलंय. दोन प्रवाहांवर लोकांना पलीकडे न्यायला फुकट होडी चालू केली, संजाणात अन्नछत्र काढलं, तिथे येणाऱ्याला भात, कालवण आणि तूप फुकट मिळायचं. आणि अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने भगवतीचा मठ बांधला, तेव्हा राजाच्या संमतीने त्या मठाला एक गाव आणि दुसऱ्या गावातली जमीन दान मिळवून देणारा हाच अरब अधिकारी! हजार वर्षांपूर्वी कोकणात देवीच्या मठाच्या दानपत्रात मुसलमान अधिकाऱ्याचं नाव आहे, आणि हे आमच्या तालुक्यातल्या मुलांनासुद्धा माहीत नाही.

त्याच मठाचा पुढचा, शके ९५६ म्हणजे १०३४ चा ताम्रपटही तिथेच मिळाला. तो चामुंडराज या शिलाहारांच्या मांडलिकाचा. त्यात देवीपुढे दिवा जळावा आणि मठात येणाऱ्या विद्वानांच्या पायाला तेल लावता यावं म्हणून एक तेलाचा घाणा दान दिलाय, आणि ज्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांना हे कळवलंय त्यांच्या नावांत अल्लिय, महर, मधुमत अशी नावं आहेत. देवीच्या दिव्याला तेल कुठून येणार हे अली आणि मोहम्मद नावाच्या व्यापाऱ्यांना रीतसर कळवलं जात होतं.

आता हे का झालं? लोक जास्त चांगले होते म्हणून झालं असं मी म्हणत नाही. कारण वारा आणि जकात. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून येणारं गलबत मान्सूनच्या वाऱ्यावर यायचं आणि वारा उलटा फिरेपर्यंत त्याला परत जाताच यायचं नाही. मग व्यापारी महिनोन् महिने इथेच राहायचा, घर भाड्याने घ्यायचा, माल साठवायला वखार बघायचा, हळूहळू लग्नही इथेच करायचा. अल मसूदी हा अरब प्रवासी ९१६ च्या सुमारास चौलला आला होता (ते लोक चौलला सैमूर म्हणायचे) आणि तो लिहितो की तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून येऊन लग्न करून स्थायिक झालेले आहेत आणि इथेच जन्मलेलेही आहेत. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला होता. दहा हजार आकडा मोजून लिहिलेला नसेल, पण वस्ती मोठी होती हे नक्की. आणि ही वस्ती कुठल्याही स्वारीच्या आधीची. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला १२९६ साली, म्हणजे मसूदीनंतर जवळजवळ पावणेचारशे वर्षांनी. एवढी एक गोष्ट जरी त्या लेखात असती तरी वाचणाऱ्याचं सगळं चित्र बदललं असतं.

राजाला काय मिळायचं? घोडे मिळायचे, जकात मिळायची. गोव्याच्या कदंबांचंच बघा, अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीच्या ताम्रपटात गोपकपट्टणच्या, म्हणजे त्यांच्या गोव्यातल्या राजधानीच्या बंदरातल्या, मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांकडून पैसे घ्यायची सोय करून दिली आहे. राजा शिवभक्त, मशीद व्यापाऱ्यांची, पैसा जहाजांचा. सगळ्यांचा हिशोब जुळत होता.

या ये-जा करण्याची खूण आजही आपल्यात आहे, फक्त कुणी तिकडे बघत नाही. रायगड-रत्नागिरीचे कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आहेत आणि घाट चढून मराठवाड्यात गेलं की बहुतेक हनफी (सुन्नी मुसलमानांतल्या धर्मशास्त्राच्या या दोन परंपरा, नमाजाच्या पद्धतीत थोडा फरक). घाटावर इस्लाम उत्तरेकडून जमिनीच्या वाटेने आला, तिथे हनफी. कोकणात समुद्रातून आला, तिथे शाफई. आणि येमेनचा किनारा, भटकळ, मलबार, पार इंडोनेशियापर्यंत शाफईच सापडतात. म्हणजे नकाशावर गलबतांची वाट काढायची असेल तर नमाजाच्या पद्धतीवरून काढता येते. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) याच समाजातले, कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे मोठे पंडित, आणि त्यांच्या उरुसात पहिला मान आजही मुंबई पोलिसांचा असतो हे तर सगळ्या मुंबईला माहीत आहे.

सगळं गोडीगुलाबीचं होतं असा माझा दावा नाही, तसं कुणी लिहिलं तर त्यालाही मी पत्र लिहीन. गुजरातेतल्या खंबायत बंदरात बाराव्या शतकात दंगल झाली, मशीद जाळली, ऐंशी मुसलमान मारले गेले. तिथला खतीब, म्हणजे मशिदीत प्रवचन देणारा, दाद मागायला गुजरातचा राजा सिद्धराज जयसिंहाकडे गेला. राजाने स्वतः वेष बदलून खंबायतला जाऊन चौकशी केली, दोषींना शिक्षा दिली आणि मशीद परत बांधायला स्वतःच्या खजिन्यातून पैसे दिले. ही हकिकत औफी या लेखकाने तेराव्या शतकात लिहून ठेवली, तो स्वतः खंबायतला काजी होता. दंगल तेव्हाही होती, पण बंदर चालू ठेवायचं असेल तर न्याय करावा लागतो हे राजाला कळत होतं. याच जहाजांतून गुलामही विकले जायचे, आणि चौदाव्या शतकात प्लेगची साथ व्यापाऱ्यांच्या गलबतांतूनच युरोपात पोचली, हेही त्याच पानावर यायला पाहिजे.

आणि सोमनाथ! गझनीच्या महमूदाची १०२६ ची स्वारी सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच सोमनाथजवळ वेरावळला १२६४ चा एक शिलालेख आहे, संस्कृत आणि अरबी दोन्ही भाषांत, तो किती जणांनी ऐकलाय? इराणच्या आखातातल्या होर्मूझ बंदराचा नाखुदा, म्हणजे जहाजाचा मालक, नूरुद्दीन फिरोज याने तिथे मशिदीसाठी जागा घेतली, त्याचा हा दस्त. त्यात हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह १५१ अशा चार कालगणना लिहिल्यात, म्हणजे कुठल्याही बाजूचा माणूस आला तरी तारखेवरून वाद नको. मशिदीचा खर्च कशातून भागवायचा ते आहे, उरलेला पैसा मक्का-मदिनेला पाठवायचा हेही आहे, मशीद सांभाळणाऱ्या जमातीत नाखवे आहेत, घाणेवाले तेली आहेत, चुन्याचं काम करणारे आहेत. आणि हे सगळं गावातल्या पंचांना, मोठ्या माणसांना सोबत घेऊन केलेलं. स्वारीनंतर दोनशे अडतीस वर्षांनी त्याच गावात! एक घटना पाठ आणि दुसरीचं नावही नाही, ही आपली इतिहास शिकवण्याची पद्धत मला मनापासून खटकते.

पूर्वेकडेही असंच. मार्को पोलो १२९२ च्या सुमारास सुमात्रात पोचला तेव्हा त्याने लिहिलं की परलाक शहरातले लोक मुसलमान व्यापाऱ्यांच्या सततच्या येण्याजाण्याने मुसलमान झालेत, डोंगरातले मात्र नाहीत. बंदर आधी, डोंगर नंतर, हा क्रम सगळीकडे दिसतो. पुढे तर खंबायतला कोरलेले संगमरवरी कबरीचे दगड जहाजाने सुमात्रा-जावाला जायचे, जावामधल्या ग्रेसिकला १४१९ ची अशी कबर आजही आहे. गुजरातेत दगड कोरायचा आणि हजारो मैलांवर कुणाच्या तरी डोक्याशी उभा करायचा, एवढा विश्वास आणि एवढं दळणवळण होतं.

आपल्याकडूनही गेलं बरंच. आपले अंक शून्यासकट अरबांकडे गेले, आणि युरोपात ते रुजवण्यात मोठा वाटा ज्याचा तो इटालियन गणिती फिबोनाची ते शिकला उत्तर आफ्रिकेतल्या बुगिया बंदरात, जिथे त्याचा बाप पिसाच्या व्यापाऱ्यांच्या जकातीचं काम बघायचा. त्याचं पुस्तक १२०२ चं, आणि त्यात नफा, भागीदारी, नाण्यांचा बदला अशी व्यापाऱ्याची गणितं भरलेली आहेत.

म्हणून माझी विनंती आहे की पुरवणीत एक पान फक्त आपल्या किनाऱ्याला द्या. चिंचणी, संजाण, चौल, खारेपाटण, गोवा. ताम्रपटांचे फोटो छापा, खाली मराठीत मजकूर द्या, शिक्षकांना वर्गात वापरता येईल असा. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी लोकांनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावं कोरून ठेवलीत, तेही घ्या. मुंबईतल्या किती शाळांच्या सहली तिथे जातात, पण मुलांना ते नव्वद नंबरचं लेणं कुणी दाखवत नाही. आणि चिंचणी ग्रामपंचायतीने आणि पुरातत्त्व खात्याने मिळून गावात निदान एक फलक लावावा, त्यावर ९२६ साल, मधुमती, अन्नैय आणि भगवतीचा मठ एवढं तरी लिहावं, यासाठी तुमच्या पेपरने पाठपुरावा करावा. तुमच्या डहाणूच्या वार्ताहराला पाठवलंत तर गाव दाखवायला मी स्वतः बरोबर जायला तयार आहे.

आपला,
एक नियमित वाचक, जि. पालघर