भंगारात चाललेले संगणक मुलांना द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १०चा नियमित आधार (सुरक्षेची अपडेट) मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा. जुन्या संगणकांत हे नसते. त्यामुळे नाशिकच्या अंबड-सातपूरकडच्या कार्यालयांतले धडधाकट संगणक किलोवर भंगारात चालले आहेत. हे मला बघवत नाही.

मी सिडकोत घरीच शिकवणी घेते. माझ्याकडची बरीच मुले कामगारांची. घरी संगणक नाही. म्हणून एक चांगला डेस्कटॉप घेतला, ३२ जीबी रॅम आणि एसएसडी टाकून त्यावर लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली बसवली. हा सर्व्हर. मुलांपुढे मात्र दोन-दोन जीबी रॅमचे जुने लॅपटॉप आहेत. ते फक्त पडदा दाखवतात आणि कळफलक-माउसची हालचाल सर्व्हरला कळवतात. खरे काम सगळे सर्व्हरवर. यालाच थिन क्लायंट म्हणतात. एलटीएसपी (लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट) हा मुक्त प्रकल्प १९९९मध्ये अशाच मांडणीसाठी सुरू झाला आणि शाळांत बराच वापरला गेला.

एलटीएसपीत क्लायंट नेटवर्कवरूनच सुरू होतो, पण त्यासाठी केबल लागते. वाय-फायवर ते सहसा जमत नाही. भाड्याच्या घरात भिंती कोण फोडू देणार? मग प्रत्येक लॅपटॉपला पेन ड्राइव्हवर छोटे लिनक्स दिले. ते सुरू झाले की वाय-फाय पकडते आणि एक्सआरडीपी या दुरून पडदा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने सर्व्हरवर लॉगिन होते. सर्व्हर मात्र राउटरला केबलनेच जोडायचा, आणि वाय-फाय ५ गिगाहर्ट्झचे ठेवायचे. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ते नीट जाणार नाही, तिथे दर मजल्याला वाय-फाय देणारा वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट हवा. व्हिडिओ अडखळतात, हे खरेच आहे. ते मी टीव्हीवर दाखवते. लिहिणे, जिओजेब्रा (गणित), स्क्रॅच (मुलांचे प्रोग्रॅमिंग), लिब्रेऑफिस यांना काहीच अडचण नाही. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक एकदा सर्व्हरवर बसवले की सगळ्यांना मिळते. लॅपटॉप बंद पडला तर दुसऱ्यावर लॉगिन करायचे, आपली वही तिथेच उघडते. मुलांना याचे फार अप्रूप वाटते.

सर्व्हर बंद पडला तर सगळेच अडतात, म्हणून रोज रात्री वेगळ्या डिस्कवर बॅकअप हवाच. वीज गेली तर सर्व्हरइतकाच राउटरही इन्व्हर्टरवर हवा, हे लोक विसरतात.

महापालिकेच्या अभ्यासिकांत आणि पेठ, सुरगाणा तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांत अशी एकेक खोली उभी राहावी, ही माझी कळकळीची विनंती. शहरातल्या आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. केरळने सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर कधीच रुजवले आहे, आपल्याला अवघड का जावे?

कार्यालये जुने संगणक द्यायला कचरतात, कारण आत ग्राहकांची माहिती असते. ही भीती रास्त आहे. पण थिन क्लायंटला हार्ड डिस्क लागतच नाही. ती काढून स्वतःजवळ ठेवा आणि उरलेला संगणक शाळेला द्या.

आपली,
एक शिकवणी शिक्षिका,
सिडको, नाशिक