चि. केतकीस, कामावर रुजू होण्याआधी

कुडाळ, रविवार

चि. सौ. केतकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढच्या महिन्यात तू कामावर रुजू होणार, हे परवा फोनवर तू इतक्या घाईत सांगितलेस की नानांना ते धड कळलेही नाही. मला आनंद झाला, हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात तो दिसेल की नाही याची मला खात्री नाही. ईराला पाळणाघरात जागा मिळाली, तीही सुजयच्या वाटेवर, हे फारच बरे झाले. पण बोलता बोलता तू म्हणालीस की, ‘आई, मला काय होते ते समजावत बसायला मला वेळ नाही, तू ती मालिका बघ म्हणजे कळेल.’ तू सांगितलेस म्हणून मी ती बघायला घेतली. पिंटूने त्याच्या नेटफ्लिक्सवर लावून दिली आणि खाली येणारी इंग्रजी अक्षरे वाचण्यासाठी दर दोन मिनिटांनी थांबवत मी बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या बायकांच्या त्या कॅनडातल्या मालिकेचे, ‘वर्किन मॉम्स’चे, दोन सीझन संपवले. तू सांगितलेली गोष्ट मी इतक्या निष्ठेने क्वचितच केली असेल.

सुरुवातीलाच त्या बायका वर्तुळात बसून आपापली छाती उघडी टाकून तिची काय दशा झाली यावर बोलतात, तेव्हा पिंटू पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून गेला तो परत आला नाही. मला त्यात लाजण्यासारखे काही वाटले नाही. आरोग्य केंद्रात नोकरी केलेल्या बाईला त्याचे काय अप्रूप! उलट वाटले की हे इतके सरळ दाखवायला २०१७ साल का उजाडावे लागले? तूच मागे सांगितले होतेस की अमेरिकेत १९५३ साली ‘आय लव्ह लुसी’मध्ये नायिका बाळंत झाली तेव्हा चार कोटींहून अधिक लोकांनी तो भाग पाहिला, पण ती गरोदर आहे हे त्या शब्दात म्हणायची मात्र परवानगी नव्हती. आपल्याकडच्या मालिकांत तर डोहाळजेवण आठवडाभर चालते, बारशाला सारे गाव लोटते, आणि त्यानंतर ते मूल पाळण्यासकट कुठे गडप होते ते दिग्दर्शकालाच ठाऊक. रात्री तीन वाजता दूध उतरत नाही म्हणून रडणारी नायिका मी आजवर एकाही मराठी मालिकेत पाहिलेली नाही.

तेव्हा मालिकेबद्दल माझी तक्रार नाही. ती लिहिणारी आणि त्यात केटचे काम करणारी कॅथरिन राइटमन हिला पहिल्या मुलाच्या वेळी स्वतःलाच बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा त्रास झाला होता, असे पिंटूने शोधून वाचून दाखवले, आणि ते पडद्यावर दिसते. बाबागाडी घेऊन निघालेल्या केटच्या समोर अस्वल येते आणि ती त्याच्याच अंगावर ओरडते, तिथे मी मोठ्याने हसले. घरे विकणारी ती फ्रँकी मात्र मला हसवू शकली नाही. (तिची जोडीदार बाईच आहे, हे मी नानांना सांगितलेले नाही.) ती विनोद करते, चेहरे करते, आणि आत कुठेतरी रोज थोडी थोडी बुडत असते. तिला बघताना मला सतत कॅनडातल्या तुमच्या ब्रॅम्प्टनच्या स्वयंपाकघरातली ती पहाट दिसत होती. ओट्याला टेकून तू उभी होतीस, दूध काढायचा पंप घुरघुरत होता, मोबाइल साखरेच्या डब्याला लावून ठेवलेला होता, आणि हीच मालिका बघून तू खांदे हलवत हसत होतीस. मग पंप काढून त्याच्या त्या नखाएवढ्या पांढऱ्या झडपा एकेक सुटी करून तू गरम पाण्यात टाकल्यास, आणि तुझ्या गालांवरून पाणी वाहतच होते. मी विचारले तर म्हणालीस, ‘हसून हसून आले.’

मी हा विषय काढणार नव्हते. प्रत्येकीचे शरीर वेगळे, प्रत्येकीची रात्र वेगळी, हे मला ठाऊक आहे. शिवाय तिथल्या तुझ्या वेळापत्रकावर इथून बोलण्याचा मला काय अधिकार? तुला वर्षभराची रजा मिळाली, आमच्या वेळी नव्वद दिवस होते. भारतातही २०१७ च्या दुरुस्तीनंतर सव्वीस आठवडे झाले, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसे असतील तिथे पाळणाघर ठेवावे असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती ठिकाणी ते आहे, हे तुझ्या नणंदेला विचार. तुझ्या वेळी मी रुजू झाले तेव्हा तुला वरच्या खोलीत आजीपाशी ठेवून कणकवलीची पहिली एसटी पकडत असे. दुपारी पान्हा फुटला की साडीवर पदर दुहेरी घेऊन लसीकरणाच्या रांगेपुढे बसायचे. आजी संध्याकाळी शेगडीवर ओवा-बाळंतशोपांची धुरी धरत असे, डिंकाचे लाडू मोजून देत असे, आणि मी मागच्या पडवीत जाऊन का रडते ते तिने कधी विचारले नाही. तिला दिसत नव्हते असे नाही. ती एवढेच म्हणाली होती, ‘ओली बाळंतीण आहेस, वारा लागू देऊ नकोस.’ तेवढ्यावर माझे निभावले. का निभावले ते मला आजही सांगता येणार नाही, आणि म्हणूनच तुझेही तसेच निभावेल असे मी म्हणत नाही.

नंतर नोकरीत पाहिले ते असे. आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. बाळाचे वजन, बाळाचा ताप, नाळ, अंगावर पाजते का, आईला रक्तस्राव किती, सगळे लिहून आणते. आई कशी आहे, मनाने कशी आहे, हा रकाना आमच्या कागदांत मला कधी दिसला नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या बायकांपैकी २३ टक्के बायकांना नैराश्य होते, असे २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. जवळजवळ चारांतली एक! त्यांतल्या कितीजणी माझ्या समोर बाळ मांडीवर घेऊन हसत बसल्या असतील आणि मी त्यांना लोहाच्या गोळ्या देऊन पाठवले असेल, हा हिशेब मी आता करत नाही.

आता मुद्द्यावर येते, म्हणजे ज्यावर येणार नव्हते त्यावर. बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी तुमच्याकडचे डॉक्टर ‘एडिनबरो’ नावाची ती दहा प्रश्नांची यादी भरून घेतात. ती १९८७ साली तयार झाली, गेल्या सात दिवसांबद्दल विचारते आणि प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण देते. त्यातला पहिलाच प्रश्न असा आहे की, तुम्हाला हसता येते का, गोष्टींतली गंमत दिसते का. केतकी, या प्रश्नावर तू नेहमीसारखीच खूण करशील. तुला गंमत दिसतेच, लहानपणापासून जिथे तिथे दिसते. नानांच्या ऑपरेशनच्या दिवशी तू वॉर्डातल्या साऱ्यांना हसवत होतीस आणि घरी येऊन दोन दिवस जेवली नव्हतीस. म्हणून तुला सांगते, पहिल्या प्रश्नावर थांबू नकोस. पुढे विनाकारण स्वतःला दोष देण्याबद्दल, भीतीबद्दल, मन इतके खिन्न असण्याबद्दल की झोपही लागत नाही, असे विचारले आहे. शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे; तो तू एकटीने वाचू नयेस असे मला वाटते. सुजय शेजारी असू दे.

झाले, मी पुन्हा वर्ग घेतला. रागावू नकोस. तुला कुणी शिकवलेले आवडत नाही आणि मला शिकवल्याशिवाय राहवत नाही, हे आपले जुनेच आहे. तू पंप बॅगेत घालून, लिपस्टिक लावून, तिथल्या बर्फातून कामावर जाणार, हे मी शेजारच्या काकूंना, दूधवाल्याला आणि गुरुवारच्या भजनात अभिमानाने सांगितले आहे. फक्त जाण्याआधी एकदा डॉक्टरांची वेळ घे. थकवा असेल तर थकवाच निघेल, त्यात तुझे काय जाणार आहे? आणि दुसरे काही निघाले तरी त्यावर इलाज आहे. अंगावर पाजणारीलाही चालणारी औषधे असतात, नुसते कुणाशी नेमाने बोलूनही पुष्कळ फरक पडतो. मालिका बघून तुला जरा मोकळे वाटते, ते मला पटले. पण तिथे तुला कुणी उलट प्रश्न विचारत नाही, आणि मला वाटते तुला ती आवडते तीही त्यामुळेच.

अळीव आणि डिंक देसायांच्या मुलाबरोबर पाठवते आहे, तो गणपतीनंतर परत जाईल. लाडू करायला वेळ नसेल तर अळीव नुसते दुधात भिजवून घे. ईराला दुसरा दात आला का ते कळव.

तुझी,
आई

ता. क. तिसरा सीझन बघायचा म्हणते, पण पिंटू आता माझ्यासमोर लावून द्यायला तयार नाही. त्याला तू फोन कर. आणि ती यादी भरलीस की मला ‘भरली’ एवढेच कळव. आकडा मी विचारणार नाही. सुजयला विचारेन.